ताबा, वाटणी आणि सांभाळ

परस्पर संमतीने घटस्फोट घेणाऱ्या एका जोडप्याच्या तडजोडीच्या अटी मी मराठीत लिहीत होते. सातव्या कलमात लिहिलं, 'सदनिकेचा ताबा अर्जदार क्रमांक १ यांच्याकडे राहील.' आठव्यात लिहिलं, 'अज्ञान मुलीचा ताबा अर्जदार क्रमांक २ यांच्याकडे राहील.' मसुदा वाचून दाखवला तेव्हा मुलीची आई हळूच म्हणाली, "मॅडम, दोन्हीकडे ताबाच लिहिलाय."

कायद्याचा शब्द आहे, तोच लागतो, असं मी तिला सांगितलं. सह्या झाल्या, पुढे रीतसर हुकूमही झाला. तिचं वाक्य मात्र माझ्या डोक्यातून गेलं नाही, कारण ती दोन कलमं कशी तयार झाली ते मला ठाऊक होतं. त्या नवऱ्याने वर्षभर मुलगी मागितली होती. तिच्याशिवाय मी राहू शकत नाही, असं प्रत्येक तारखेला सांगितलं होतं. मग एका दुपारी समुपदेशकांच्या खोलीत बायकोने सांगून टाकलं, की फ्लॅटवर मी हक्क सांगत नाही, हप्ते मीही भरलेत ते विसरते, फक्त मुलगी माझ्याकडे राहू दे. तो बाहेर जाऊन भावाशी फोनवर बोलून आला आणि त्याने होकार दिला. प्रकरण मिटलं म्हणून मला तेव्हा आनंद झाला होता. आज त्या आनंदाचं वाईट वाटतं. आठ वर्षांच्या मुलीच्या बदल्यात दोन खोल्यांचा फ्लॅट, असा तो सौदा होता आणि तो स्वच्छ मराठीत मी लिहून दिला होता.

हे पुस्तक त्या दोन कलमांतून निघालं. संसार मोडला की दोन कामं उरतात. जे जमवलं त्याची वाटणी करायची असते आणि जी मुलं झाली त्यांचा सांभाळ ठरवायचा असतो. आपल्याकडे ही दोन्ही कामं एकाच टेबलावर, एकाच बैठकीत, बहुतेकदा एकाच दमात उरकली जातात. ती वेगवेगळी करा, वेगवेगळ्या दिवशी करा, एकातलं देणं दुसऱ्यातल्या घेण्यात वळतं करू नका, हे मला सांगायचं आहे. कुटुंब न्यायालयात इतकी वर्षं काम केल्यावर माझी याहून मोठी मागणी नाही. ही मागणी पुरी होणं इतकं अवघड का आहे, ते मात्र सविस्तर सांगावं लागेल.

सुरुवात भाषेपासूनच करते. लग्न मोडण्याला मराठीत शब्द पुष्कळ. फारकत, सोडचिठ्ठी, काडीमोड. कित्येक जातींमध्ये पंचांसमोर काडी मोडली की नातं संपायचं आणि बाईला पाट लावता यायचा. हे सगळे शब्द तोडण्याचे आहेत. तोडल्यावर मागे जे उरतं त्यासाठी आपल्याकडे एकच शब्द रूढ झाला, पोटगी. तो पोटापुरताच आहे. मात्र 'संसार' हा शब्द बघा. आपण त्याचा अर्थ नवरा-बायकोचं जगणं असा करतो, आणि घरातलं सामान असाही करतो. झोपडपट्टी पाडली की वर्तमानपत्रात छापून येतं, 'शंभर कुटुंबांचे संसार रस्त्यावर'. म्हणजे भांडीकुंडी, गादी, शेगडी, कपाट हे सगळं मिळून संसार होतो, आणि तो दोघांचा असतो, हे भाषेला पक्कं माहीत आहे. कायद्याला ते अजून माहीत नाही.

कायदा विचारतो, कागदावर नाव कुणाचं?

हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा. त्याचं २७ वं कलम मालमत्तेबद्दल बोलतं, पण लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास भेट म्हणून आलेल्या आणि दोघांच्या सामाईक असलेल्या वस्तूंपुरतंच. लग्नानंतर अठरा वर्षांनी घेतलेलं घर त्यात बसत नाही. कुटुंब न्यायालयाला नवरा-बायकोच्या मालमत्तेचा वाद ऐकण्याचा अधिकार १९८४ च्या कायद्याने दिला आहे, पण तो वाद ठरतो तो मालकीच्या साध्या नियमांनीच. खरेदीखत कुणाच्या नावे आहे, पैसे कुणाच्या खात्यातून गेले?

आणि पैसे कुणाच्या खात्यातून गेले, हा प्रश्न ऐकायला सरळ असला तरी त्यातच सगळं बुडतं. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. (या पुस्तकातल्या सगळ्या माणसांचे तपशील मी इतके बदलले आहेत की ती ओळखू येऊ नयेत.) त्या एकोणीस वर्षं डबे करत होत्या. सकाळी चारला उठून तीस-पस्तीस डबे. त्या पैशांतून किराणा, दूध, गॅस, मुलांची फी, सासूबाईंची औषधं. नवऱ्याचा पगार मात्र जवळजवळ पूर्णपणे घराच्या कर्जाच्या हप्त्यात जायचा. घर दोघांनी मिळून चालवलं, पण बँकेच्या उताऱ्यावर हप्ता दिसतो, किराणा दिसत नाही. न्यायालयात नवऱ्याच्या वकिलांनी वीस वर्षांचे उतारे ठेवले. बाईंकडे डब्यांच्या वह्या होत्या, पेन्सिलने लिहिलेल्या, तेलाचे डाग पडलेल्या. त्यांनी किराणा भरला नसता तर त्याला हप्ता भरता आला नसता, ही गोष्ट घरातल्या लहान मुलालाही कळते. ती कायद्याच्या भाषेत मांडायला मला चार तारखा लागल्या, आणि तरीही शेवटी जे मिळालं ते पोटगी वाढवून मिळालं, घरातला हिस्सा म्हणून नाही. आणि या बाई निदान कमवत तरी होत्या. ज्या नुसत्या घर सांभाळतात त्यांच्याकडे दाखवायला वहीसुद्धा नसते.

हे बदलायचा प्रयत्न झाला होता. ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेने विवाहविषयक कायद्यांतल्या दुरुस्तीचं विधेयक मंजूर केलं. घटस्फोटाच्या वेळी नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेचा विचार करून बायकोला मोबदला द्यावा, अशी तरतूद त्यात होती. लोकसभेत ते मंजूर होण्याआधीच तिची मुदत संपली आणि विधेयक बारगळलं. त्यानंतर तो विषय पुन्हा त्या टप्प्यापर्यंत पोचलेला नाही.

वडिलोपार्जित मालमत्तेत काय, असं मला हमखास विचारतात. पश्चिम भारतातल्या मिताक्षरा पद्धतीत बाप-मुलांची वाटणी झाली तर बायकोला मुलाइतका हिस्सा मिळतो. पण वाटणी मागण्याचा हक्क तिला स्वतःला नाही. दुसऱ्या कुणी मागितली तरच तिला हिस्सा आहे. आणि घटस्फोट झाला की ती त्या घरची बायको राहत नाही. सासरच्या सातबाऱ्यावर म्हणून तिला शोधण्यात अर्थ नसतो.

तिचा हक्क असतो तो माहेरी. महाराष्ट्राने हा बदल देशाच्या आधी, १९९४ सालीच केला. मुलीला मुलासारखा जन्माने हक्क दिला. केंद्राचा कायदा २००५ मध्ये आला. म्हणजे कागदावर आज कुठल्याही हिंदू मुलीला वडिलोपार्जित जमिनीत भावाइतका वाटा आहे. आणि तरीही माझ्यासमोर बसलेल्या बायकांना मी विचारते, "माहेरी काही आहे का?", तेव्हा उत्तर येतं, "सोडून दिलंय." वडील गेल्यावर तेराव्याच्या आसपास भाऊ तलाठ्याकडे किंवा निबंधकाकडे घेऊन गेला, हक्कसोडपत्रावर सही झाली, साडीचोळी मिळाली. माहेर तुटू नये म्हणून हक्क सोडायचा, ही रीत इतकी खोल आहे की ती कुणाला अन्याय वाटतच नाही. पुढे दहा वर्षांनी तीच बाई मुलांना घेऊन त्याच घरी परत येते, तेव्हा ती पाहुणी म्हणून येते. भावजयीच्या स्वयंपाकघरात तिची आणि मुलांची ताटं वाढली जातात, आणि पहिल्या महिन्यानंतर ती ताटं मोजली जातात. हे मी ऐकीव सांगत नाही. पोटगीच्या अर्जांमध्ये 'अर्जदार सध्या भावाच्या आश्रयास आहे' हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल त्याची गणती नाही. ते प्रत्येक वेळी लिहिताना मला वाटतं, की त्या सहीच्या दिवशी कुणीतरी हिला थांबवायला हवं होतं. वाटणीचं पुस्तक लिहिताना म्हणूनच मी पहिलं प्रकरण घटस्फोटावर लिहिलेलं नाही, हक्कसोडावर लिहिलं आहे.

बाईची सुटका आणि मालमत्ता एकमेकींपासून वेगळ्या नसतात, हे पूर्वीचे लोक ओळखून होते. रखमाबाईंचा खटला आपण बालविवाहाचा आणि नांदायला जाण्याच्या सक्तीचा म्हणून वाचतो, आणि तो तसा आहेच. पण त्या गोष्टीच्या दोन्ही टोकांना मालमत्ता आहे. रखमाबाईंची आई विधवा झाली, आणि डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह करण्याआधी पहिल्या नवऱ्याची मिळकत तिने मुलीच्या नावे केली, कारण पुनर्विवाहाने ती तिच्याकडून गेली असती. पुढे १८८४ मध्ये रखमाबाईंचा नवरा दादाजी भिकाजी यांनी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८७ मध्ये न्यायालयाने सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८ मध्ये हे सगळं मिटलं ते दादाजींनी २००० रुपये घेऊन आपला हक्क सोडला तेव्हा. हिंदू बाईला घटस्फोटाचा कायदाच नव्हता, त्या काळात तिने पैसे मोजून सुटका करून घेतली आणि मग ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली. बडोदा संस्थानाने घटस्फोटाचा कायदा १९३१ मध्ये केला, मुंबई प्रांताने १९४७ मध्ये. डॉक्टर आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं त्यामागे हिंदू कोड बिल रखडणं हे एक मोठं कारण होतं. सुटका मिळायला इतकी वर्षं लागली, की सुटकेनंतर काय खायचं आणि कुठे राहायचं हा प्रश्न मागेच पडला.

तो प्रश्न शहरातल्या वकिलांनी नाही, गावाकडच्या चळवळींनी वर काढला. संगमनेरला समता आंदोलनाने १९८८ मध्ये परित्यक्तांची परिषद घेतली. 'टाकलेली' हा शब्द ज्यांना चिकटला होता त्या बाया उघडपणे एकत्र आल्या आणि घर मागू लागल्या. १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, आणि शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा करून दिला. राज्य सरकारनेही पुढे 'घर दोघांचे' म्हणून ग्रामपंचायतीच्या दप्तरी बायकोचं नाव लावायची मोहीम काढली. मला यातल्या शेवटच्या दोन गोष्टी कायद्याच्या पुस्तकांपेक्षा जास्त महत्त्वाच्या वाटतात, कारण संसार सुरळीत चालू असताना नाव लावायचं काम त्यांनी केलं. भांडण सुरू झाल्यावर नाव लागत नाही. उलट दावा लागल्याची नोटीस पोचायच्या आत जमीन भावाच्या नावे फिरलेली मी पाहिली आहे.

आता दागिने आणि भांडी. मोठमोठ्या फ्लॅटचे वाद जिथे मिटतात तिथे पाटल्या आणि पातेल्यांवरून मात्र अडतं, असं लोक हसून सांगतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. आपल्याकडे लग्न ठरतं तेच याद्या करून. कुणी काय द्यायचं, मानपान काय, सोनं किती तोळे. घटस्फोटाच्या वेळी त्याच याद्या पुन्हा बाहेर निघतात, फक्त आता दोन्हीकडच्या याद्या जुळत नाहीत. स्त्रीधनाबद्दल कायदा पुरेसा स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सांगितलं, की स्त्रीधन ही तिची एकटीची मालमत्ता आहे, सासरच्यांकडे ते ठेवलं असेल तर विश्वासाने ठेवलेलं आहे, परत द्यावंच लागेल. अडचण पुराव्याची असते. सराफाच्या पावत्या वडिलांच्या नावे आणि वडील हयात नाहीत. लॉकर सासूबाईंच्या नावे. मग लग्नाचा अल्बम पुरावा म्हणून दाखल होतो आणि कुठल्या फोटोत गळ्यात काय आहे ते भिंगातून पाहिलं जातं. भांड्यांचं त्या मानाने सोपं. आहेरातल्या भांड्यांवर नाव आणि तारीख घातलेली असते. एका प्रकरणात आम्ही स्टीलचे चोवीस डबे आणि एक पितळी घंगाळ नावं वाचून वाचून वेगळं केलं. मामाने दिलेल्या एका परातीवर दोघांचीही नावं होती, मध्ये 'चि. सौ. कां.' आणि 'चि.' अशी. ती परात बराच वेळ टेबलावर तशीच राहिली. दोघांपैकी कुणीच ती मागितली नाही.

कष्टाने केलेल्या संसाराचा हिशेब असा चमच्यांपर्यंत जातो, तेव्हा खरी मिळकत लपून राहू नये म्हणून एक चांगली सोय झाली आहे. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी आदेश दिला, की पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी आपलं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज आणि खर्च यांचं प्रतिज्ञापत्र ठरलेल्या नमुन्यात द्यायचं, आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरायची. आधी 'माझा पगार कमी आहे' एवढं म्हणून वर्ष काढता यायचं. आता खात्यांचे उतारे, गुंतवणुका, विमे, सगळं शपथेवर सांगावं लागतं. रोखीने धंदा करणाऱ्याला अजूनही पळवाट आहे. तरी हा नमुना म्हणजे आपल्याकडे संसाराचा ताळेबंद लिहायची पहिलीच सक्ती आहे. या पुस्तकातलं सगळ्यात लांब प्रकरण तो नमुना ओळीओळीने कसा भरायचा यावर आहे, आणि ते कंटाळवाणं झालं असलं तरी वगळू नका.

दोन व्यावहारिक गोष्टी इथेच सांगून टाकते, कारण त्या न कळल्याने लोकांचं फार नुकसान होतं. गृहकर्ज दोघांच्या नावे असेल तर तडजोडीत 'यापुढे हप्ते नवरा भरेल' असं लिहिल्याने बँक बांधली जात नाही. त्याने हप्ता चुकवला की बँक तुम्हालाच फोन करणार. बँकेकडून तुमचं नाव लेखी कमी करून घेतल्याशिवाय सुटका नाही. दुसरी गोष्ट, राहतं घर एकाने दुसऱ्याच्या नावे बक्षीसपत्राने करायचं असेल तर महाराष्ट्रात पती-पत्नींमध्ये मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, नोंदणी आणि स्थानिक कराचा खर्च वेगळा. घटस्फोटाचा हुकूम झाल्यावर तुम्ही पती-पत्नी राहत नाही, आणि मग तेच काम लाखांत जातं. आधी दस्त, मग हुकूम, हा क्रम विसरू नका.

महाराष्ट्रात हे सगळं अशा ओढाताणीने चालतं, आणि तेरेखोल नदी ओलांडली की चित्र बदलतं. गोव्यात अजून १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतला कौटुंबिक कायदा लागू आहे, आणि तो सगळ्या धर्मांच्या गोंयकारांना लागू आहे. लग्नाआधी नोटरीसमोर वेगळा करार केला नसेल, तर लग्नाबरोबर दोघांची मालमत्ता एक होते. तिची-त्याची, आधीची-नंतरची, वारशाने आलेलीसुद्धा. लग्न मोडलं तर अर्धी-अर्धी. नवऱ्याला घर किंवा भाट (बागायत) विकायचं असेल तर बायकोची सही लागतेच. आयकराच्या कायद्यातही या जोडप्यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. पगार सोडून बाकीचं उत्पन्न निम्मं-निम्मं धरलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये असंही ठरवलं, की गोव्यात अधिवास असलेल्या माणसाची गोव्याबाहेर भारतात मिळकत असेल तर तिच्या वारशालाही हाच कायदा लागू होईल.

मी पेडण्याच्या एका बाईंना विचारलं होतं, नवऱ्याशी भांडण झालं तेव्हा घराची भीती वाटली का? त्या म्हणाल्या, "भीती कसली? अर्धं माझंच ना." नदीच्या अलीकडे, महाराष्ट्रातल्या बांद्याच्या बाईला हे वाक्य उच्चारता येत नाही. दोन्ही गावं तासाभराच्या अंतरावर. गोव्याचा कायदा निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. सामाईक मालमत्तेचा कारभार संहितेने नवऱ्याच्याच हाती दिला आहे, कर्जाचा बोजाही दोघांवर येतो, आणि वाटणीच्या प्रक्रियेला वर्षं लागतात. पण हिशेब कुठून सुरू करायचा, याचं उत्तर तिथे 'अर्ध्यापासून' असं आहे. आपल्याकडे तो शून्यापासून सुरू होतो आणि बाईला वर चढावं लागतं. पुस्तकात गोव्यावर स्वतंत्र प्रकरण घातलं ते याचसाठी. तिथले मराठी वाचक त्यात चुका काढतील, त्या मला हव्या आहेत.

आता मुलांकडे येते.

१९५६ चा पालकत्वाचा कायदा म्हणतो, अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक वडील, त्यांच्यानंतर आई. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे. 'अज्ञान' हा कायद्यातला अठरा वर्षांखालच्यांसाठीचा शब्द आहे. सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढे 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून बापाचं नाव लागतं, तो हाच. लेखिका गीता हरिहरन यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितलं, की 'त्यांच्यानंतर' याचा अर्थ 'मेल्यानंतर' असा घ्यायचा नाही. वडील लक्ष घालत नसतील, दूर असतील, तर आई पालक आहेच. आणि या सगळ्यावर त्याच कायद्याचं १३ वं कलम आहे, की मुलाचं हित सर्वांत वरचं. विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात दोघांनी मिळून पालकत्व करण्याची पद्धत कायद्यात आणायची शिफारस केली, ती अजून कायद्यात उतरलेली नाही. महाराष्ट्र सरकारने मात्र १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं, मग वडिलांचं नाव लिहायचं ठरवलं आहे. छोटी गोष्ट आहे, पण शाळेच्या दाखल्यावर ती रोज दिसेल.

वाटणी आणि सांभाळ यांच्यातला फरक कायद्यातच आहे, आणि तो लोकांना कुणी सांगत नाही. मालमत्तेचा दस्त नोंदला की विषय संपला. मुलाबद्दलचा आदेश कधीच संपत नाही. हिंदू विवाह कायद्याचं २६ वं कलम सांगतं, की परिस्थिती बदलली तर तो आदेशही बदलून मागता येतो. म्हणजे ज्या बाईने फ्लॅट सोडून मुलगी घेतली, तिने कायमचं दिलं आणि तात्पुरतं घेतलं. तीन वर्षांनी तो माणूस पुन्हा अर्ज करू शकतो. फ्लॅट परत येत नाही. हे त्या दुपारी मी त्या बाईंना सांगायला हवं होतं. तसंच, आईला स्वतःची पोटगी सोडता येते, मुलाची सोडता येत नाही, कारण ती तिची नसतेच. 'मुलाच्या खर्चासाठी काही मागणार नाही' असं लिहून देणाऱ्या बाया मला अजून भेटतात.

भेटीचं वेळापत्रक करताना बहुतेक कागदांवर लिहिलेलं असतं, 'पहिला व तिसरा शनिवार, सकाळी ११ ते ५.' त्यापलीकडे मुलाचं वर्ष कुणी डोळ्यांसमोर आणत नाही. दिवाळीची सुट्टी अर्धी-अर्धी वाटता येते, पण भाऊबीज कुठे? वडिलांच्या घरी पाच दिवसांचा गणपती असेल तर आरतीला मुलगा हवा, आणि नेमकी तेव्हाच शाळेची चाचणी असते. मे महिन्यात आजोळी जायची सवय असलेलं मूल अर्धा मे दुसरीकडे काढतं, तेव्हा आजी गच्चीत पापड वाळवताना त्याची वाट पाहत असते, हे कुठल्याच कलमात येत नाही. आजी-आजोबांचं नाव तडजोडीत लिहा, असं मी आग्रहाने सांगते. शाळेच्या व्हॉट्सॲप गटात दोघांचेही नंबर राहतील, हे लिहा. आजारी पडलं तर किती वेळात कळवायचं, पासपोर्ट कुणाकडे राहील, वाढदिवसाचा केक दोनदा कापला तर चालेल का, हेही लिहा. ज्या जोडप्यांनी असे बारीक तपशील शांतपणे लिहिले ती पुन्हा अर्ज घेऊन आलेली मला फारशी दिसलेली नाहीत. ज्यांनी 'सोयीनुसार भेट' असं लिहिलं, ती हमखास आली.

भेटीच्या दिवशी मूल काय पाहतं, तेही सांगते. न्यायालयाच्या आवारात मुलांसाठी खोली असते, खेळणी असतात. एक बाप दर महिन्याला तिथे येऊन मुलाला एकच प्रश्न विचारायचा, "मम्मीकडे कोण कोण येतं रे?" सहाव्या महिन्यापासून मुलाने यायला नकार दिला आणि आईने मुलाला शिकवलं असा आरोप झाला. उलट बाजूने, एक आई मुलीला वडिलांकडे पाठवताना मुद्दाम जुने, उसवलेले कपडे घालून पाठवायची, पोटगी कमी आहे हे दिसावं म्हणून. मुलगी वर्गातल्या मैत्रिणींना भेटली की रडायची. दोघांनाही वाटत होतं, आपण हक्कासाठी लढतोय. पोटगी थकली म्हणून भेट बंद, भेट बंद म्हणून पोटगी बंद, हे चक्र मी इतक्या घरांत पाहिलं आहे की ते थांबवायला या पुस्तकाचा थोडासाही उपयोग झाला तर मला पुरे आहे. या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत. एकाने एक मोडली म्हणून दुसऱ्याला दुसरी मोडता येत नाही.

परदेशातल्या मराठी कुटुंबांसाठी एक छोटं प्रकरण आहे. मूल घेऊन एकजण पुण्याला निघून आला, दुसरा कॅलिफोर्नियात, अशी प्रकरणं वाढताना दिसतात. पळवून नेलेल्या मुलांबाबतचा १९८० चा हेग करार भारताने स्वीकारलेला नाही, त्यामुळे तिथला आदेश इथे आपोआप चालत नाही. विमानाचं तिकीट काढण्याआधी ते प्रकरण वाचा. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कायद्यांबद्दल मी थोडक्यातच लिहिलं आहे. मी मुख्यतः ज्या कायद्याखाली काम केलं तो हिंदू विवाह कायदा, आणि न केलेल्या कामाबद्दल अधिकाराने बोलू नये असं मला वाटतं. फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या पोटगीच्या १२५ व्या कलमाची जागा १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेतल्या १४४ व्या कलमाने घेतली आहे, ती सोय मात्र सगळ्या धर्मांच्या बायकांना आणि मुलांना आहे.

पुस्तकाच्या शेवटी तडजोडीच्या अटींचे दोन नमुने आहेत, मुद्दाम वेगवेगळ्या कागदांवर. पहिला वाटणीचा, दुसरा मुलांचा. दुसऱ्या नमुन्यात मी 'ताबा' हा शब्द एकदाच ठेवला आहे, पासपोर्ट कार्यालय आणि शाळा तो मागतात म्हणून. बाकी सगळीकडे 'सांभाळ' लिहिलं आहे. सोमवार ते शुक्रवार सांभाळ कुणाचा, शनिवार-रविवार कुणाचा, आजारपणात कुणाचा. तुमचे वकील सवयीने तिथे पुन्हा 'ताबा' लिहून आणतील. त्यांना तो खोडायला सांगा. आणि दोन्ही कागदांवर एकाच दिवशी सह्या करू नका.